'लीलावती'तील अंकपाश : अंकांच्या मांडणीची गणना आणि तिचा विस्तार

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'चा शेवट 'अंकपाश' या छोटेखानी प्रकरणाने होतो. दिलेल्या अंकांची स्थाने बदलून किती भिन्न संख्या तयार होतील, हा त्याचा विषय. ग्रंथपरिचयात या प्रकरणाची बोळवण बहुधा एका वाक्यात केली जाते. क्रमचयाचे सूत्र भास्कराचार्यांना ज्ञात होते, एवढे नोंदवून लेखक पुढे जातात. वस्तुतः ते सूत्र हाच या प्रकरणातील सर्वांत कमी नावीन्याचा भाग होय. प्रकरणाचे खरे महत्त्व अन्यत्र आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

मांडणीचे प्रकार मोजण्याची परंपरा भास्कराचार्यांच्या पूर्वीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार आहे. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त १६ सुगंधी द्रव्यांतून ४ निवडण्याचे १८२० प्रकार सांगितले, तर नवव्या शतकात महावीराचार्यांनी निवडीचा सर्वसाधारण नियम दिला. 'लीलावती'तही आधीच्या एका प्रकरणात सहा रसांच्या मिश्रणाचे ६३ प्रकार मोजले आहेत. या सर्व ठिकाणी गणना कोणत्या तरी शास्त्राच्या सेवेत आहे. अंकपाशात मात्र जे मोजायचे ते अंकच आहेत. त्यामुळे रसांविषयी किंवा सुगंधांविषयी विचारताच येणार नाही असा प्रश्न येथे उभा राहतो : तयार झालेल्या सर्व संख्यांची बेरीज किती?

३, ८ व ९ या अंकांपासून ६ संख्या होतात. प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक दोनदा येतो. अंकांची बेरीज २० असल्याने प्रत्येक स्थानाची बेरीज ४० होते. हे ४० एकक, दशक व शतक अशा तीनही स्थानी मांडून मिळविले की ४४४० हे उत्तर येते. याच रीतीने २ ते ९ या आठ अंकांच्या ४०३२० संख्या होतात व त्यांची बेरीज २४६३९९९९७५३६० येते. एकही संख्या प्रत्यक्ष न लिहिता हे उत्तर मिळते, कारण प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी ५०४० वेळा येणार हे आधीच कळते. अंक पुन्हा आले तरी रीत मोडत नाही. ४, ८, ५, ५, ५ यांच्या २० संख्या होतात व त्यांची बेरीज ११९९९८८ येते. दहा हातांत दहा आयुधे धारण करणाऱ्या शंकराच्या ३६२८८०० मूर्ती व चतुर्भुज विष्णूच्या २४ मूर्ती हे उदाहरणही याच प्रकरणात आहे; तेथे बेरजेचा प्रश्न अर्थातच नाही. बेरजेचा हा नियम स्थानमानाच्या पद्धतीतूनच जन्मला आहे. केवळ अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या छंदःशास्त्रात तो संभवत नव्हता.

याहून अधिक विचार करण्याजोगे उदाहरण शेवटी येते. शून्य वगळून, ज्यांतील अंकांची बेरीज १३ आहे अशा पाच-अंकी संख्या किती? नियमाप्रमाणे १२, ११, १० व ९ यांच्या गुणाकाराला १, २, ३ व ४ यांच्या गुणाकाराने भागावे, उत्तर ४९५. भास्कराचार्य उपपत्ती देत नाहीत, परंतु ती कठीण नाही. १३ एकके ओळीने मांडली तर त्यांच्यामध्ये १२ फटी राहतात आणि त्यांपैकी ४ फटींत रेषा ओढल्या की पाच भाग पडतात. नियमाला जोडलेली अट मात्र विशेष आहे. बेरीज ही स्थानांची संख्या अधिक नऊ याहून कमी असली पाहिजे. पाच स्थानांसाठी ही मर्यादा १४ येते. बेरीज १४ घेतल्यास नियमाने ७१५ मिळतात. पण त्यांत एका स्थानी १० व उरलेल्या चारही स्थानी १ अशा पाच अशक्य मांडण्या शिरतात. खरे उत्तर ७१० आहे. म्हणजे नियम नेमका जेथे ढळतो तेथेच अट घातलेली आहे आणि उदाहरणासाठी अटीत बसणारी सर्वांत मोठी बेरीज निवडली आहे. हा योगायोग म्हणणे कठीण आहे. केवळ रीत पाठ असलेल्या गणकाला ही सीमा इतक्या अचूकपणे आखता आली नसती.

तथापि, या प्रकरणात सर्व काही आले आहे असा दावाही करता येणार नाही. संख्या किती, हे भास्कराचार्य सांगतात. त्या क्रमाने लिहिल्यास शंभरावी कोणती, किंवा दिलेली संख्या कितवी, हे सांगत नाहीत. छंदःशास्त्रात या दोन प्रश्नांना अनुक्रमे 'नष्ट' व 'उद्दिष्ट' म्हणतात. त्यांची क्रमचयांपुरती मांडणी पुढील शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात झालेली दिसते, आणि तीही संगीतशास्त्रात. सिंघणाच्या सेवेत हिशेबाचे अधिकारपद सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांच्या ५०४० मांडण्या सांगून खंडमेरूच्या साहाय्याने त्यांतील कोणतीही मांडणी शोधण्याची रीत दिली. याच सिंघणाच्या दरबारी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. या लेखाचा अखेरचा भाग मराठीत आहे, हे भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहेच. दरबार एक असला तरी शार्ङ्गदेवाने चांगदेवाच्या मठातून काही उचलले असे मानण्याची गरज नाही. छंदःशास्त्राची परंपरा दोघांनाही उपलब्ध होती.

विस्ताराच्या भयाने आपण थोडक्यात सांगितले, कारण गणिताच्या सागराला अंत नाही, असे भास्कराचार्यांनी अंकपाशातच म्हटले आहे. जे त्यांनी सोडले ते नारायण पंडिताने इ. स. १३५६ च्या 'गणितकौमुदी'त घेतले. त्याच्या तेराव्या प्रकरणाचे नावही 'अंकपाश' असेच आहे. त्यात अंकांचे प्रस्तार, मेरू, नष्ट व उद्दिष्ट यांचे सविस्तर विवेचन असून छंद व संगीत यांतील वेगवेगळ्या रीती तेथे एका गणिताखाली आल्या आहेत.