मूत्राशयदर्शनाच्या इतिहासांतील एक उणीव

मूत्राशयाच्या आंत डोकावण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा दिव्यांचा इतिहास म्हणून सांगण्यांत येतो. फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनी या वैद्यानें १८०६ सालीं मेणबत्ती व आरसा बसविलेलें यंत्र पुढें आणलें. १८५३ त पॅरिसच्या देसोर्मो यानें मद्यार्क व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा योजिला. १८७९ त माक्स नित्से यानें व्हिएन्ना येथें दाखविलेल्या नळीच्या टोंकाशींच प्लॅटिनमची तार पेटत असे, आणि ती इतकी तापे कीं, तिच्याभोंवतीं गार पाणी खेळतें ठेवावें लागे. हें सर्व ग्रंथांतून सविस्तर सांपडतें. ज्या देहांत ही तार जात होती, त्यास काय वाटत होतें, हें मात्र शोधावें लागतें.

स्त्रियांविषयीं तर हें मौन अधिकच दाट आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारें २० सेंटीमीटर लांब, स्त्रीचा अवघा ४. एवढ्या आखूड व सरळ वाटेनें नळी सहज जाते. तेव्हां ती जातांना फारसें दुखत नसावें, असें गृहीत धरण्याकडे वैद्यांचा कल राहिला. वाट आखूड म्हणून ती निर्वेदन कशी, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलेलें नाहीं! हायडेलबर्गच्या गुस्ताव सिमोन यानें १८७५ त हा मार्ग क्रमाक्रमानें रुंदावून बोटानें मूत्राशय तपासण्याची रीत वर्णिली. ती निदान भूल देऊन करीत. १८९३ त बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यानें स्त्रीस गुडघे व छाती टेकवून ओणवें केलें, म्हणजे मूत्राशय हवेनें आपोआप फुगतो व साध्या नळींतून, डोक्यावरील आरशाच्या उजेडांत, आंतील भाग दिसतो. युक्ति चतुर खरी; पण त्या अवघड स्थितींत रोग्यास किती वेळ राहवेल, हा प्रश्न पाहणाऱ्याचा नव्हता.

कार्ल कोलर यानें १८८४ त कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, आणि १९४३ त स्वीडनमध्यें लिडोकेन सिद्ध झालें. त्याचें जेल आज सर्वत्र वापरतात. पुरुषांसाठीं लवचिक नळी रूढ झाली. स्त्रियांसाठीं मात्र बऱ्याच ठिकाणीं ताठ नळीच चालू आहे, आणि कारण तेंच, चार सेंटीमीटरांचें.

अलीकडील प्रयोगांत रोग्यासच दहा सेंटीमीटरांची रेघ देऊन तिच्यावर आपल्या वेदनेची खूण करावयास सांगतात. ही रेघ आम्हांस नित्सेच्या दिव्याहून लहान शोध वाटत नाहीं. निष्कर्ष अजून एकमुखी नाहींत: कांहीं प्रयोगांत लिडोकेननें आराम दिसला, कांहींत साध्या वंगणाहून फरक आढळला नाहीं. पण खूण सर्वांत वर चढते ती बहुधा नळी आंत शिरतांनाच.