मोरवेल

मोरवेल कुलातील (रॅनन्क्युलेसी) सह्याद्रीची आरोही, बहुवर्षायू वेल. रानजाई या नावानेही परिचित. शास्त्रीय नाव क्लेमॅटिस ट्रायलोबा. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा थिओडोर कुक यांनी १९०१–०८ मध्ये सिद्ध केलेला जो ग्रंथ, त्यात हिची नोंद आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांत घाटपायथ्याच्या झुडपांवर व बांधांवर, पाऊस ओसरू लागताच, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या सजातीय वेलींच्या अगोदर, ही बहरते. पाने समोरासमोर, देठ आधाराला विळखा घालतात. फुलाला पाकळ्या नसतात. पांढरी दिसतात ती संदले, चार ते सहा, मध्यभागी पिवळसर केसरांचा दाट झुबका. फळांना पिसासारखी रुपेरी शेपटी असून बीजप्रसार वाऱ्याने होतो (पहा : बीजप्रसार).

उद्यानात लावताना, ज्या प्रदेशात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो तेथे, मुळाशी पाणी तुंबू न देणे हेच मुख्य कर्म होय. यास्तव उंचवटा करून, मुरूम मिसळून, बुंधा सावलीत व शेंडा उन्हात राहील अशी योजना करावी. अभिवृद्धी बियांनी वा दाब कलमाने होते (पहा : कलमे). बहर पावसाळी नव्या फुटव्यांवर येत असल्याने छाटणी वैशाखात उरकावी. हिमालयीन क्लेमॅटिस मोंटाना मात्र जुन्या फांदीवर वसंतात फुलते, म्हणून तिची छाटणी बहरानंतर करतात. ताज्या रसाने त्वचेला फोड येतात. हातमोजे अवश्य वापरावेत. विदेशी संकरित वाणांपेक्षा कोकणच्या दमट हवेस हीच वेल अधिक मानवते.