सुटका आणि नोंद

पावसाळा सुरू झाला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात सर्पमित्रांची धावपळ वाढते. बिळांत पाणी शिरल्याने साप कोरड्या जागी, म्हणजे बहुधा आपल्या अंगणात येतात. डोंगरपायथ्याला नव्या इमारती उभ्या राहिल्याने अशा भेटी होणारच. निरोप मिळताच स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता येतो आणि साप पकडून नेतो. पुढे त्या सापाचे काय होते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी मुंबईत एक संस्था स्थापन केली. तीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. निरीक्षणांची देवाणघेवाण करणे आणि नमुने दाखवणे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. त्या काळच्या सभासदांत शिकारीही होते. परंतु पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त त्यांनी पाळली आणि १८८६ पासून नियतकालिकही काढले. कोणता प्राणी कोठे होता, हे आज कळते ते अशा नोंदींमुळेच.

दुसरे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासचे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत असताना त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. अंडी चोरून खाल्ली वा विकली जातात, असे चौकशीत कळले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ऑलिव्ह रिडले कासवाला संरक्षण होते, पण कायदा काही रात्री किनाऱ्यावर पहारा देत नाही. संस्थेने गावकऱ्यांनाच सोबत घेतले. सापडलेली अंडी भरतीरेषेच्या वर, कुंपण घातलेल्या जागेत, तशाच खोल खड्ड्यात पुरली जाऊ लागली. पहिल्या हंगामात ५० घरटी राखून २,७३४ पिल्ले समुद्रात सोडली गेली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय करणाऱ्या घरांना त्यातून उत्पन्न मिळू लागले. अंड्यापेक्षा पिल्लू मोलाचे ठरले, ते असे.

येथे एक शास्त्रीय मेख आहे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक उबदार असली तर माद्या अधिक निपजतात. शिवाय हजारो पिल्लांपैकी मोजकीच प्रौढ होतात आणि त्यालाही दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून सोडलेल्या पिल्लांचा आकडा हे यश नव्हे, ती यशाची सुरुवात होय. खरे उत्तर घरट्यांच्या वर्षानुवर्षांच्या मोजणीतून मिळते.

सापांचेही तसेच आहे. पकडलेल्या सापांची संख्या सांगितली जाते, जगलेल्यांची नाही. दूर नेऊन सोडलेले साप अनोळखी जागी भटकतात आणि त्यांच्या मृत्यूचे प्रमाण वाढते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे साप पकडल्या जागेच्या जवळच, योग्य अधिवासात सोडणे हिताचे. अर्थात वन विभागाला कळवूनच, कारण परवानगीशिवाय वन्य प्राणी पकडणे हा गुन्हा ठरू शकतो.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. शाळेत एक साधी वही ठेवा. परिसरात साप निघाल्याचे कळले की तारीख, ठिकाण, जात, हवामान आणि तो कोठे सोडला, हे सर्पमित्राला विचारून विद्यार्थ्यांनी लिहावे. सापाजवळ मात्र कोणीही जाऊ नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप चित्रावरूनच ओळखायला शिकवा. पाच वर्षांनी ती वही उघडाल, तेव्हा साप कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीत आणि का येतात, हे तुमचे विद्यार्थीच गावाला सांगू शकतील. तसे झाले तर साप दिसताच काठी शोधणारे हात थोडे तरी कमी होतील.