राबाची राख आणि जंगलातला नत्र

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आपण लोकलच्या खिडकीतून पाहतो. त्या मातीत नत्र किती, हा प्रश्न माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या कवीला पडायचं काही कारण नाही. पण या मोजमापाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्यात माणसांच्या पोटाची गोष्ट सापडली.

एकोणिसाव्या शतकात अंधेरी, घाटकोपर, बोरिवली हा सारा भाग ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होता. ठाणे-कुलाब्याचा शेतकरी रानातून फांद्या, पालापाचोळा आणायचा, वाफ्यावर पसरून जाळायचा आणि तिथे भाताचं बी पेरायचा. हाच राब. वनखात्याने फांद्या तोडण्यावर बंधनं घातली, तशा रयतेच्या तक्रारी वाढल्या. शेवटी १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला.

राबाने खरंच फायदा होतो का? हे तपासायचं एक साधन १८८३ मध्येच तयार झालं होतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी धान्यातल्या प्रथिनांच्या अभ्यासासाठी नवी रीत काढली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, त्यातल्या नत्राचा अमोनिया करायचा आणि तो वेगळा काढून मोजायचा. पुढे मातीलाही हीच रीत लागू पडली.

या हिशेबाने राब तोट्याचाच दिसतो. पाला जळताना त्यातला बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो. राखेत पालाश, चुना, स्फुरद उरतात. शिवाय फांद्या नेल्या म्हणजे रानाच्या मातीचं खतही गेलं. वनखात्याची काळजी अगदीच खोटी नव्हती. पण आगीने वाफ्याची माती तापते, तेव्हा सेंद्रिय पदार्थांत अडकलेला थोडा नत्र मोकळा होऊन रोपाला मिळतो; तणही मरतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ मध्ये तो प्रसिद्ध केला.

मातीतला एकूण नत्र वेगळा आणि पिकाच्या तोंडी पडणारा वेगळा. हा दुसरा मोजण्याची सोपी रीत सुब्बय्या आणि असिजा यांनी १९५६ मध्ये दिली. त्या रीतीने हेक्टरी २८० किलोंच्या खाली आकडा आला, तर नत्र कमी समजतात.

रयतेजवळ प्रयोगशाळा नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. तो अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याआधी कुणीतरी मोजून पाहायला हवं होतं. ते झालं, पण आयोगानंतर पाव शतकाने.