आऊट कसा झालास?

मंडळी, ज्यांचं लहानपण मुंबईत, त्यातही दादरच्या आसपास गेलं, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पोरगं मैदानावरून घरी आलं की 'किती रन काढलेस?' असं कोणी विचारत नसे. चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, 'आऊट कसा झालास?' शून्यावर बाद झालेल्यालाही हाच प्रश्न आणि शंभर करून आलेल्यालाही हाच.

माझं वय आता पंचाहत्तर. मी तिसरीत होतो तेव्हा, १९५८-५९ साली, मुंबईने रणजी करंडक जिंकला. पुढे मी एस.एस.सी. झालो, बी.ए. झालो, शाळेत नोकरीला लागलो, तरी मुंबई आपली जिंकतेच आहे! १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षं. आमच्या पिढीला वाटायचं, रणजी करंडक हा मुंबईच्याच घरचा पितळी तांब्या आहे, दरवर्षी घासून पुन्हा त्याच फळीवर ठेवायचा.

या शहराच्या क्रिकेटने आम्हाला काही शब्द आणि काही वाक्यं दिली. हल्ली ती फार आठवतात. का, ते शेवटी सांगतो.

पहिला शब्द 'खडूस'. आमच्या चाळीत एक काका होते. गॅलरीत चेंडू गेला की तो परत मिळायचा नाही. असा माणूस म्हणजे खडूस. शब्द चांगला नव्हेच. पण मुंबईच्या संघाला लोक खडूस म्हणू लागले आणि मुंबईकरांनी ती शिवी पदकासारखी छातीवर लावली. अर्थ तोच, आपल्याकडचं काही सुटू द्यायचं नाही. विकेट फेकायची नाही, फुकटची धाव द्यायची नाही, शंभर झाले की पुन्हा नव्याने गार्ड घ्यायचा. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्या सामन्यांत, भर पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर हा खडूसपणा मुरला. १९४८ पासून ही लीग पावसात खेळली जाते. जिथे चेंडू गुडघ्यालाही येईल आणि नाकालाही, तिथे टिकलेला फलंदाज पुढे कुठेही टिकायचा.

दुसरं वाक्य माधव मंत्री यांचं. दादर युनियनचे कर्णधार, भारताचे कसोटी यष्टिरक्षक आणि सुनील गावसकरचे मामा. लहानग्या सुनीलने मामाच्या कपाटात भारताचे स्वेटर पाहिले आणि एक मागितला. मामा काय म्हणाले? हा असा मिळत नाही, कमवावा लागतो. गोष्ट स्वतः गावसकरनेच सांगितलेली आहे. दुसरा एखादा मामा भाच्याचं कौतुक म्हणून देऊन टाकता. पुढे भाच्याने असे किती कमावले ते सर्वांना ठाऊक आहे.

तिसरं विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जातं. 'का थांबलात?' असं लोक विचारतात तेव्हाच थांबावं, 'का थांबत नाही?' असं विचारेपर्यंत वाट पाहू नये. मर्चंट शेवटची कसोटी खेळले १९५१ साली दिल्लीला, इंग्लंडविरुद्ध, आणि त्यात १५४ धावा काढल्या. गावसकर शेवटच्या कसोटी डावात, १९८७ साली बंगळूरच्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर, ९६ काढून गेला. दोघांनाही लोकांनी 'का?' असंच विचारलं. आम्हा शिक्षकांना हा प्रश्न पडत नाही, आमच्या वतीने सरकार अठ्ठावन्नाव्या वर्षी उत्तर देऊन टाकतं. असो.

पण या शहराच्या क्रिकेटमध्ये न उच्चारलेली वाक्यंही आहेत, आणि त्यांचाही इतिहास आहे. पळवणकर बाळू हे आपले पहिले मोठे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात ते तासन्‌तास गोलंदाजी करत, पण तिथे फलंदाजी त्यांच्या वाट्याला आली नाही. पुण्याच्या हिंदू संघात चर्मकार समाजातले म्हणून त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. पुढे ते मुंबईला हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. 'बाळू, तू कर्णधार हो' हे वाक्य मात्र त्यांच्या ऐन उमेदीत कोणी उच्चारलं नाही. ते धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या वाट्याला आलं, १९२३ साली. हिंदूंनी त्या वर्षी स्पर्धा जिंकली.

आणि पद्माकर शिवलकर! १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूला सामना संपला. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी, पण भारताच्या कसोटी संघात नाव कधी आलं नाही, कारण तो काळ बेदींचा होता. २०१७ साली क्रिकेट मंडळाने त्यांना जीवनगौरव दिला. गेल्या मार्चमध्ये, म्हणजे २०२५ साली, ते गेले. तेव्हा मनात आलं, काही वाक्यं फार उशिरा बोलली जातात.

आता आचरेकर सर. शिवाजी पार्कवरचं त्यांचं वाक्य सचिननेच सांगितलंय. सरांनी ठरवलेला सामना चुकवून सचिन वानखेडेवर शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला गेला. सरांनी गाठून थोबाडीत दिली. म्हणाले, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायला जाऊ नकोस, लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असं खेळ. याच सरांनी कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन म्हणाला, एकोणतीस वर्षांत सर एकदाही तसं म्हणाले नाहीत, मी हुरळून जाईन म्हणून. आता माझ्या आयुष्यात सामनेच उरले नाहीत, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही.

मी टीव्हीसमोर बसून ते ऐकत होतो. पाच मिनिटांनी फोन वाजला. पुण्याहून चिरंजीव. म्हणाला, "बाबा, ऐकलंत?" मी म्हटलं, "हो." मग दोघेही गप्प. शेवटी मी विचारलं, "पुण्यात थंडी पडली का?"

त्याचं असं आहे. चिरंजीव शाळेत असताना जाइल्स शिल्ड खेळत असे. १९८९ साली क्रॉस मैदानावर त्याने ८३ धावा केल्या. मी झाडाखाली उभा राहून सगळा डाव पाहिला होता. तो पॅड काढून धावत माझ्याकडे आला आणि मी विचारलं, "आऊट कसा झालास?" त्याचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही. म्हणजे पाहिला, पण वाचला नाही. दीड-दोन वर्षांनी त्याने खेळणं सोडलं. कारण अभ्यासाचं सांगितलं, मीही ते मानून घेतलं.

मे १९९१ मध्ये वानखेडेवर हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना आम्ही दोघांनी बघितला. जिंकायला ३५५ हव्या होत्या. सचिनने ९६ काढल्या, वेंगसरकर १३९ वर नाबाद, आणि शेवटचा गडी धावचीत. दोन धावा कमी पडल्या. वेंगसरकर मैदानातच रडला. माझा पोरगाही रडत होता. मी त्याला म्हटलं, "रडतोस काय? दोन धावा कुठे गेल्या ते शोध." अस्सल खडूस वाक्य! तेव्हा मला त्याचा अभिमानही वाटला होता.

मी स्वतःला आचरेकर सरांच्या परंपरेतला समजत होतो. वर्गातही तसाच वागलो. निबंध उत्तम असला तरी तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घच दाखवायचो. पण सरांची पूर्ण गोष्ट मी पाहिलीच नव्हती. सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. सचिन बाद न होता टिकला तर ते नाणं त्याचं. तशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. स्कूटरवर मागे बसवून सर त्याला या मैदानावरून त्या मैदानावर नेत, दिवसाला एकाहून जास्त सामने खेळता यावेत म्हणून. 'छान खेळलास' हे ते नाण्यातून आणि स्कूटरवरून बोलतच होते. मी सरांचं मौन तेवढं उचललं. नाणं नाही, स्कूटर नाही.

हे सगळं वर आलं ते गेल्या ऑक्टोबरमुळे, म्हणजे २०२५ च्या. आपल्या मुलींचा ऑस्ट्रेलियाविरुद्ध विश्वचषकाचा उपांत्य सामना, नवी मुंबईत. समोर ३३८ धावांचा डोंगर. प्रशिक्षक अमोल मुझुमदार, हाही आचरेकर सरांचाच विद्यार्थी. १९८८ साली सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते तेव्हा पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज तोच, आणि भारताकडून खेळायला त्यालाही कधी मिळालं नाही. त्याने मुलींसाठी फळ्यावर एवढंच लिहिलं, की अंतिम फेरीत जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. मुंबईच्याच जेमिमाने नाबाद १२७ काढल्या आणि सामना जिंकला. तीन दिवसांनी विश्वचषकही आला.

ते वाक्य वाचलं आणि माझ्या दोन धावा आठवल्या. वाक्य काटकसरीचंच आहे, अगदी मुंबईचं. पण त्यात धमकावणी नाही, 'तुम्हाला जमेल' असं त्यात लपलेलं आहे. खडूसपणा आणि माया एका वाक्यात बसू शकतात, हे मला पंचाहत्तरीत कळलं.

चिरंजीव हे वाचतीलच, सूनबाई वाचून दाखवतील. म्हणून इथेच लिहून ठेवतो, फोनवर मी पुन्हा थंडीचीच चौकशी करीन. बाळा, क्रॉस मैदानावरच्या त्या ८३ धावा फार छान होत्या. फिरकीला तू पाय टाकत होतास, ते मी झाडाखालून पाहिलं होतं. शेवटचा फटका चुकलाच होता, त्यावर मी ठाम आहे. पण छान खेळलास.