फँटमचा वेताळ झाला, त्याची गोष्ट

आजचा भाग जुन्या कॉमिक्सवर आहे. हिरो तुम्हाला माहीत असेल. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. इंग्रजीत तो फँटम. पण घरातल्या पन्नाशी-साठीच्या कुणालाही विचारा, उत्तर येईल, "अरे, तो तर वेताळ!"

आधी थोडा इतिहास. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ला ही चित्रमालिका वर्तमानपत्रात सुरू केली. गोष्ट अशी: १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं आणि त्यातून एकच तरुण वाचला. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की चाचेगिरी आणि अन्यायाशी मी लढेन, माझ्यामागे माझा मुलगा लढेल, त्याच्यामागे त्याचा. आत्ताचा फँटम एकविसावा. जंगलातल्या लोकांना मात्र वाटतं, हा तोच आहे, चारशे वर्षं मेलेलाच नाही. म्हणून त्याचं बिरुद पडलं: चालणारं भूत.

मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडिया गटाने इंद्रजाल कॉमिक्स काढली. पहिल्याच अंकात फँटम. इंग्रजीसोबत हिंदी, मराठी आणि इतरही भारतीय भाषांत अंक निघाले. आता खरी गंमत ऐका. फॉकच्या मूळ गोष्टीत देशाचं नाव होतं बेंगाली, चाचे होते सिंग टोळीचे आणि खुनी होता रामा! भारतात हे कसं चालणार? मग बेंगालीचं डेंकाली झालं, सिंगचं सिंगा, रामाचं रामालू. म्हणजे खलनायकांच्या नावांतून भारत पुसला, आणि मराठीत हिरोला मात्र अस्सल आपलं नाव दिलं: वेताळ.

हे नाव बाकी महाराष्ट्रात विक्रमाच्या पाठीवर बसलेल्या वेताळाची आठवण देत असेल. पण आपल्या सिंधुदुर्गात वेताळ म्हणजे फक्त गोष्टीतला नाही. वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याच्या शेजारी, आरवलीला श्री देव वेतोबा आहे. माणसाहून कितीतरी उंच, उभी मूर्ती. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात, आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. कारण वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्यात चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे.

इकडे चालणारं भूत, तिकडे चालणारा देव! नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात आरवली होती असं मी म्हणत नाही. पण कोकणातल्या पोराने अंक उघडला की त्याच्यासाठी ते नाव आधीच ओळखीचं होतं, इतकंच.

फरकही आहे हां. कॉमिक्समधलं अमरपण ही युक्ती आहे, आणि वाचकाला ते गुपित माहीत असतं. आरवलीत गुपित वगैरे काही नाही. गाव आणि त्याचा राखणदार यांचं ते नातं आहे. दुसरी गोष्ट जरा टोचणारी. एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या लोकांचा रखवालदार होऊन बसतो, ही कल्पना वसाहतीच्या काळातलीच. 'वेताळ' म्हटल्यावर तो आपला वाटायला लागला, आणि ते गोरेपण आपल्याला दिसेनासं झालं. एका भाषांतरित नावात एवढी ताकद असते.

आता संग्राहकांकडे येऊ. १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तोवर आठशेहून जास्त अंक निघाले होते. फॅन मंडळी एकत्र आली की गप्पा ठरलेल्या: अंक कितवा, बी. गोविंद यांचं मुखपृष्ठ शाबूत आहे का, गोष्ट किती कापली आहे. काही जण १९७२ ते १९७५मध्ये अमेरिकेत एव्हनने काढलेल्या १५ फँटम कादंबऱ्यांच्या मागे असतात. ऑस्ट्रेलियात तर फ्रू ही कंपनी १९४८पासून फँटमची कॉमिक्स छापते आहे.

म्हणून माझं म्हणणं असं: मूळ गोष्टी कुठे जात नाहीत, त्या जगभर पुन्हा पुन्हा छापल्या जातात. पण त्यांच्यातलं मराठी? वेताळाच्या तोंडचे संवाद, चाच्यांच्या शिव्या, मारामारीतले 'धाड धाड' आवाज, हे त्या स्वस्त कागदावरच आहे. कोकण रेल्वे यायच्या आधी एसटीने गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशव्यांतून असे अंक आपल्याकडे पोचले. मग माळ्यावर गेले. आणि माळ्यावर काय असतं? चार महिने पावसाची ओल, खारी हवा, गंजलेल्या पिना आणि वाळवी.

तर या सुट्टीत एक काम करा. माळ्यावरची ट्रंक उघडा. अंक सापडला तर रद्दीत टाकू नका आणि लॅमिनेटही करू नका. गंजलेली पिन अलगद काढा, अंक कोरड्या जागी सपाट ठेवा, आणि मोबाईलवर मुखपृष्ठाचा आणि अंक क्रमांकाचा फोटो काढा. घरात तो कुणी आणला, कुणी वाचला, तेही विचारून लिहून ठेवा.

'देवाक काळजी' म्हणून सोडून देऊ नका. वेतोबा गावाची राखण करेल, वाळवीचं आपल्यालाच बघायचं आहे. भेटू पुढच्या भागात!