देवळाची पायरी वाचताना

कापड्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय.

आमच्या वाडीतल्या देवळाचा जीर्णोद्धार करायचं चाललंय. जुनं पाडायचं, स्लॅबचं बांधायचं, आत टाइल्स लावायच्या. गटाकडेही वर्गणी मागितली आहे. देवाच्या कामाला नाही कोण म्हणेल? पण बैठकीत एका आजींनी विचारलं, "पाडणार म्हणजे नेमकं काय पाडणार गं?" तेव्हा आम्हाला कुणालाच नीट सांगता येईना. जुनी इमारत बघायची कशी, तेच माहीत नव्हतं. म्हणून भाताची झोडणी उरकल्यावर आम्ही शेजारच्या महाड तालुक्यात रायगडावर गेलो आणि जगदीश्वराचं देऊळ सावकाश बघून आलो.

देवळाभोवती उंच दगडी भिंत आहे. दरवाजातून आत गेलं की मोकळं आवार, नंदी, मग मंडप आणि गाभारा. वर मात्र निमुळतं शिखर नाही, घुमट आहे आणि कोपऱ्यांना छोटे मनोरे. आमच्यातली एक म्हणाली, "हे तर मशिदीसारखं दिसतं." दिसतं खरं, आणि त्याला कारण आहे.

बांधायची पद्धत काळाप्रमाणे बदलत आली. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे इ.स. 1060 चं, शिलाहार राजांच्या वेळचं. तिथे कोरीव दगडावर दगड रचत इमारत वर नेली आहे. पुढे दख्खनच्या सुलतानांच्या काळात कमान, घुमट आणि चुना ही विद्या इकडच्या गवंड्यांच्या हातात मुरली. विजापूरचा गोल घुमट सतराव्या शतकातलाच. शिवाजी महाराजांच्या काळात तीच विद्या देवळांच्याही कामी आली. घुमटाचं वजन चारी भिंतींवर उतरतं, मध्ये खांब लागत नाही आणि आपल्याकडचा पाऊस वर साचून राहत नाही. गवंड्याला जे उत्तम येत होतं, ते त्याने देवासाठी वापरलं.

हे देऊळ कधीचं, ते भिंतीतल्या शिलालेखातच लिहिलेलं आहे. लेख संस्कृतात आहे, शके 1596 चा. म्हणजे 1674 साली ज्या शकात महाराजांचा राज्याभिषेक झाला, तोच शक. महाराजांच्या आज्ञेने हिरोजीने हे देऊळ बांधलं, असं त्यात आहे. गडावरच्या विहिरी, तळी, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे यांचाही उल्लेख आहे. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे टिको, अशी शेवटी इच्छा आहे.

ही इच्छा सगळ्या गडाच्या वाट्याला आली नाही. मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या, आग लागली, राजवाडा जळाला. आज तिथे जोती उरली आहेत. दगड-चुन्याचं जगदीश्वर मात्र उभं राहिलं. आता गडाची देखभाल पुरातत्त्व खातं करतं आणि 2025 मध्ये रायगड जागतिक वारसा यादीतही गेला.

चुन्याचं एक सांगायला हवं. पूर्वी चुना घाण्यात बैल लावून मळत, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी घालत. चुन्याची भिंत ओल घेते आणि उन्हात सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. म्हणजे देऊळ चकचकीत करायला जावं आणि तेच आतून खराब व्हावं, असं होतं.

निघताना आम्ही पायरीपाशी बसलो. सेवेत तत्पर असलेला हिरोजी, असं त्या पायरीवर कोरलंय. आपण त्यांना इंदुलकर म्हणतो, पायरीवर इटळकर वाचतात. एवढा गड बांधला आणि नाव कुठे, तर लोकांच्या पायाखाली. पण नाव आहे, म्हणून साडेतीनशे वर्षांनी आपण ते घेतो. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाणी वाहणारे यांचं नाव कुठेच नाही.

तेव्हा आम्हाला आमचंच देऊळ आठवलं. त्याच्या मागच्या दुरुस्तीला आमच्या सासवांनी नदीवरून डोक्यावर वाळू आणली होती. फळीवर नावं लागली ती वर्गणीदार पुरुषांची. वाळूची गोष्ट फक्त त्या भिंतीला आणि त्या आज्यांना ठाऊक. भिंत पाडली आणि आज्या गेल्या, की ती संपली.

म्हणून गटाने ठरवलंय. वर्गणी देऊ, पण आधी चार गोष्टी व्हाव्यात. देवळाचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि मापं घ्यावीत. आज्यांना विचारून कोणी काय काम केलं ते वहीत उतरवावं. जुने कोरीव दगड, वीरगळ असतील तर ते भरावात न टाकता आवारात उभे करावेत. आणि जी भिंत धड आहे, ती जाणत्या गवंड्याला दाखवल्याशिवाय पाडू नये.

गावकीने अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्या जणी वही घेऊन जाणार आहोत. तुमच्या गावातही देवळाचं काम निघालं असेल, तर पहिली कुदळ पडायच्या आधी एकदा देवळाभोवती फिरून या. सोबत एखाद्या आजींना न्या.